नांदेडला हलवा

हिंगोली जिल्ह्यात छातीत कळ आलेल्या माणसाच्या नातेवाइकांना काय ऐकायला मिळणार, हे जवळजवळ ठरलेलं असतं. ‘इथं काही होणार नाही, नांदेडला हलवा.’ सेनगावला हे सांगतात, औंढ्याला सांगतात, खुद्द हिंगोली शहरातही सांगतात. मग गाडीची जमवाजमव होते. सोबत कोण जायचं, पैसे कुणाकडून उचलायचे, हे ठरतं. पुढे कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर असा रस्ता. हिंगोलीहून नांदेड नव्वदेक किलोमीटर, सेनगावकडच्या खेड्यातून शंभराच्याही पुढे. वसमतचा माणूस त्यातल्या त्यात नशिबाचा, त्याला ते चाळीसेक किलोमीटरवर सापडतं.

मराठीत हृदयविकाराबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, पण त्यात हा रस्ता बहुधा नसतो. त्यात सकाळचं फिरणं असतं, तेलाचा चमचा असतो, प्राणायाम असतो, राग आवरायचा सल्ला असतो. यातलं काही खोटं नाही. पण हा सगळा सल्ला अशा माणसाला उद्देशून असतो, ज्याच्या घरापासून अर्ध्या तासावर बंद धमनी उघडणारी कॅथलॅब आहे आणि ज्याला आता फक्त स्वतःला सुधारायचं उरलं आहे. हिंगोलीच्या माणसाचा जीव वेगळ्या कारणांनी जातो. त्याच्या रक्तदाबाची गोळी मध्येच तुटलेली असते, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्याला रस्ता संपल्यावर मिळतं. ही दोन कामं जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होण्यासारखी आहेत. ती होत नसतील, तर बाकीचा उपदेश मला थोडा निर्दयच वाटतो.

मराठी मध्यमवर्गाची हृदयरोगाची समज घडवण्यात डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. १९९५ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्यांना हृदयविकाराने गाठलं. त्यातून त्यांनी स्वतःच्या आहाराकडे, धावपळीकडे, मनाकडे पाहिलं. पुस्तक प्रामाणिक आहे आणि त्याने कितीतरी जणांना चालायला लावलं. पण त्याच बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी पुढे गडचिरोलीतल्या ८६ गावांत मृत्यूंची कारणं तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचं पहिलं कारण निघालं पक्षाघात. शंभरांतले चौदा मृत्यू त्याने झालेले, आणि त्यातले बहुतेक घरीच. आदिवासी, कष्टकरी, सडपातळ माणसांच्या जिल्ह्यातलं हे चित्र आहे. माझ्या मते पुस्तकाइतकाच हा अभ्यासही मराठी घरांत पोचायला हवा होता. तो पोचला नाही, कारण त्यात साक्षात्कार नाही, फक्त न मोजलेला रक्तदाब आहे.

‘शेतात राबणाऱ्याला कसला आलाय हार्ट अटॅक,’ ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. तिला एक धागा सत्याचाही आहे. ‘प्युअर’ नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे आकडे २०१४ मध्ये आले, त्यात भारतही होता. श्रीमंत देशांतल्या माणसांत हृदयरोगाचे धोके जास्त आढळले, गरीब देशांत कमी. म्हणजे आपला खेडूत खरोखरच वाईट जगत नव्हता. पण मोठा झटका आलेल्यांपैकी श्रीमंत देशांत शंभरात साडेसहा माणसं दगावत होती, गरीब देशांत सतराच्या वर. धोका कमी आणि मरण अडीच पटींहून जास्त, या फरकाचा हिशेब जीवनशैलीत लागत नाही. तो उपचार कुठे मिळतात, कधी मिळतात आणि कुणाला मिळतात यात लागतो. देशातल्या ८९ रुग्णालयांतल्या वीस हजारांवर रुग्णांची ‘क्रिएट’ नोंदवही २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिनेही हेच दाखवलं. दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यम काळ सहा तासांचा होता. तीस दिवसांत मरणाऱ्यांचं प्रमाण गरिबांत ८.२ टक्के आणि सधनांत ५.५ टक्के. आणि ती नोंदवही होती शहरांतल्या रुग्णालयांची.

सहा तास म्हणजे काय, हे समजायला झटक्यात घडतं काय ते पाहावं लागेल. हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. थर नुसता वाढला, तर चढ चढताना छाती भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं. पण एखाद्या दिवशी त्या थराला चीर जाते, तिच्यावर रक्त गोठतं आणि धमनी बंद होते. तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू लगेच मरत नाही, तो तासातासाने मरत जातो. गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या तासात दिलं, तर हजार रुग्णांमागे सुमारे ६५ जीव वाचतात. दुसऱ्या तासात दिलं तर ३७, तिसऱ्यात २६. बारा तासांनंतर फारसा उपयोग उरत नाही. हे हिशेब १९९६ पासून छापील आहेत. त्याआधी १९८८ मध्ये ‘आयसिस-२’ या सतरा हजार रुग्णांच्या चाचणीत दिसलं होतं, की स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं औषध आणि साधी अॅस्पिरिन मिळून पहिल्या पाच आठवड्यांतले मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी करतात. यातला निम्म्याहून जास्त फायदा एकट्या अॅस्पिरिननेही मिळत होता. ती गोळी जिल्ह्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये असते.

म्हणजे नांदेडला हलवणं चूक आहे असं नाही. काही न देता हलवणं चूक आहे. ईसीजी काढावा, तो मोबाइलवर तज्ज्ञाला दाखवावा, धमनी बंद झाल्याची खूण दिसली तर जागेवर इंजेक्शन द्यावं, आणि मग अँजिओग्राफीसाठी पुढे पाठवावं. टेनेक्टेप्लेज हे असंच औषध तर वजनाप्रमाणे एकदाच शिरेतून द्यायचं असतं. तमिळनाडूत हेच सूत्र घेऊन छोटी रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांना जोडली गेली. २,४२० रुग्णांच्या त्या अभ्यासात वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आलं. महाराष्ट्र सरकारनेही ‘स्टेमी’ या नावाने काही जिल्ह्यांत असा प्रकल्प हाती घेतला. विज्ञान ठाऊक आहे, औषधं देशात मिळतात, मोबाइलचं नेटवर्क सेनगावलाही आहे.

मग अडतं कुठे? अडतं भीतीत. या इंजेक्शनने शंभरातल्या एखाद्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. नुकताच पक्षाघात झालेल्याला, अल्सरमधून रक्त जाणाऱ्याला, दाब फारच चढलेल्याला ते देता येत नाही. ग्रामीण रुग्णालयातला तरुण डॉक्टर रात्री दोन वाजता एकटा असतो. इंजेक्शन देऊन माणूस गेला तर ‘सुई दिली आणि मारलं’ म्हणत जमाव येणार. न देता अर्धापूरच्या अलीकडे गेला, तर ते नशीब. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे, पण कायदा रात्री दोनला दारात उभा नसतो. म्हणून रेफरची चिठ्ठी हा सगळ्यांसाठी सुरक्षित मार्ग ठरतो, रुग्ण सोडून. नांदेडच्या तज्ज्ञाने फोनवर ‘द्या, जबाबदारी माझी’ असं म्हटलं आणि तसं लेखी कळवलं, तर ही भीती निम्मी होईल. जिल्ह्याला दुसऱ्या कुठल्या यंत्रापेक्षा या एका वाक्याची गरज आहे.

उशिराचा दुसरा वाटा घरातला असतो, आणि त्याचं नाव गॅस. छाती जड झाली की ओवा, सोडा, जिऱ्याचं पाणी. नाहीच उतरलं तर गावातल्या डॉक्टरकडून गॅसचं इंजेक्शन आणि एक सलाईन. यात दोन-तीन तास सहज जातात. पुष्कळदा तो खरंच गॅसच असतो, हीच मोठी अडचण आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला छातीच्या मध्ये दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, कळ खांद्यात, हातात, जबड्यात किंवा पाठीत जातेय आणि पंधरा-वीस मिनिटांत थांबत नाही, तर तो गॅस आहे हे ईसीजीने ठरवावं, शेजाऱ्याने नव्हे. बायकांच्या आणि मधुमेहींच्या बाबतीत कळ येईलच असंही नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, हातापायांतलं बळ जातं. बाईला असं झालं की ‘उपास केला असेल’ किंवा ‘टेन्शन घेती’ हे निदान घरबसल्या होतं. अशा वेळी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. राज्यात २०१४ मध्ये या ९३७ गाड्या सुरू झाल्या, त्यातल्या २३३ गाड्यांत प्रगत जीवरक्षणाची सोय होती. अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर डॉक्टरला फोनवर विचारून अॅस्पिरिन चावून खाता येते. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेणं शक्य तितकं टाळावं, आणि जिना तर मुळीच चढायला लावू नये.

आता राबणाऱ्याकडे परत येऊ आणि त्याच्या झटक्याची तीन कारणं पाहू. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्या जगात ५९ च्या आसपास. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून हे पुढे आलं. त्याच अभ्यासाने पहिलं कारण दाखवलं: तंबाखू चघळणाऱ्याचा झटक्याचा धोका दुपटीहून जास्त असतो. आपल्याकडे सिगारेटविरुद्ध बोललं जातं, पण २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे चार टक्क्यांच्या आत होते आणि तोंडात धरणारे चोवीस टक्के. बांधावर बसून चुना मळणारा, मिसरी लावणारी सासू, पुडी फोडणारा पोरगा यांना कर्करोगाची चित्रं दाखवली जातात, हृदयाचा विषय कुणी काढतच नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कुठल्या फाट्यावर पाळली जाते, हा वेगळ्या लेखाचा विषय.

दुसरं कारण जन्माआधीचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. तिथलं बाळ जन्मतःच सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडातलं साडेतीन किलोचं. पण या हडकुळ्या बाळाचा स्नायू कमी असतो आणि चरबी त्या मानाने राखलेली असते. पोटात उपाशी राहिलेलं शरीर पुढे थोडं बरं खायला मिळालं, की मधुमेह आणि रक्तदाबाकडे झुकतं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात जन्मलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. याज्ञिकांचा अभ्यास तिच्यावरचा नाही, पण या पिढीला तुम्ही नीट जगला नाहीत असं सांगताना जीभ जरा अडखळायला हवी.

आणि तिसरं कारण, रक्तदाब. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या देशव्यापी पाहणीत दर शंभर प्रौढांमागे पस्तीस जणांना तो जास्त आढळला. त्याचं काहीच दुखत नाही. म्हणून माणूस तो मोजत नाही. एका सकाळी ‘अंगावरून वारं जातं’ तेव्हाच घराला कळतं. तोच दाब हृदयाचा स्नायू जाड आणि पुढे दुबळा करतो. मग पायावर सूज येते, आडवं झालं की दम लागतो, उशा रचून बसून झोपावं लागतं. याला हृदय निकामी होणं म्हणतात, आणि तेही बहुधा दम्याच्या नावावर काही वर्षं खपतं. वरचा दाब दहाने कमी केला, तर पक्षाघात चौथ्या हिश्श्याने आणि एकूण मृत्यू तेरा टक्क्यांनी कमी होतात. अॅम्लोडिपिनची एक गोळी चहाच्या कटिंगपेक्षा स्वस्त आहे.

पण गोळीबद्दल लोकांची दोन मतं ठाम आहेत. पहिलं, ‘एकदा लागली की सुटत नाही.’ खरंय, सुटत नाही, कारण आजारही सुटत नाही. दुसरं, ‘बीपी नॉर्मल आला म्हणून बंद केली.’ तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. ही मतं हसण्यावारी नेऊ नयेत, ती अनुभवातून आलेली आहेत. उपकेंद्रावर पंधरा दिवसांचीच गोळी मिळाली, पुढच्या खेपेला संपलेली निघाली, तिसऱ्या खेपेला रंग वेगळा आला, तर माणूस स्वतःचं शास्त्र बनवणारच. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे राज्यातले सुरुवातीचे जिल्हे होते. त्यात नवं औषध एकही नव्हतं. ठरलेल्या दोन-तीन गोळ्या, त्यांचा ठरलेला क्रम, महिन्याची गोळी एकदम हातात, आणि न आलेल्या माणसाची नोंद. या शेवटच्या कलमावर सगळं उभं राहतं. गावात आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते. तो फॉर्म भरल्यानंतर माणसाची गोळी चालू राहिली का, हे विचारणारं कुणी असायला हवं.

खाण्याबद्दल दोन गोष्टी. मराठवाडा हा करडईचा मुलूख. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे वाण काढले, करडईचं तेल हृदयाला चांगलं मानलं जातं म्हणून शहरांत महाग विकलं जाऊ लागलं, आणि इथल्या शेतातून मात्र ती हटत गेली. काटेरी पीक, काढायला मजूर मिळेना, सोयाबीन आलं. आता करडईच्या गावातला माणूस बाहेरून आलेल्या पामतेलात भजी तळतो, ज्यातली निम्म्याच्या आसपास चरबी संपृक्त असते. याचा दोष त्याच्या जिभेला देण्यात अर्थ नाही. मिठाचा दोष मात्र थोडा जिभेकडे जातो. दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा पापड, लोणचं, ठेचा आणि हॉटेलातल्या रश्श्यात दुपारीच संपते. हळदीचं काय, असं हिंगोलीत विचारलं जाणारच. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमानाची गोष्ट आहे. पण हळदीचं दूध पिऊन धमनी मोकळी होते, याला पुरावा नाही. हळद विकून आलेल्या पैशातून गोळी घेतली, तर जास्त भलं होईल.

एक आजार मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो शहरी सल्ल्यात जवळजवळ येतच नाही. लहानपणी घसा सुजतो, मग सांधे दुखतात, आणि वीस वर्षांनी त्याच पोरीच्या हृदयाची झडप आखडलेली निघते. संधिवाताच्या तापाने होणारा हा झडपेचा विकार गरिबीचा, दाटीच्या घरांचा, अर्धवट उपचारांचा आहे. तो बहुधा पहिल्या गरोदरपणात उघडा पडतो. दम लागतो, आणि घरचे म्हणतात दिवस गेलेत, लागणारच. ताप वेळेत ओळखून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, तर झडप वाचते. आखडलेली झडप पुष्कळदा फुग्याने उघडता येते. शाळेत तपासणीला येणारं पथक लहान मुलांच्या हृदयाचं जन्मजात छिद्र शोधतं, हे चांगलंच आहे. त्याच स्टेथोस्कोपने मोठ्या पोरींचीही छाती ऐकावी.

आता पैसा कुठे जातो ते पाहू. महात्मा फुले जनआरोग्य योजना अँजिओप्लास्टीला, झडपेला, बायपासला पैसे देते. तिने हजारो घरांची शेती वाचवली, याबद्दल वाद नाही. पण स्टेंट टाकून माणूस गावी आला, की रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी, दाबाची गोळी हा महिन्याचा खर्च पुन्हा त्याच्या खिशावर किंवा सरकारी औषधखिडकीच्या मर्जीवर येतो. स्टेंटनंतर पहिल्या काही महिन्यांत गोळी तुटली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. ‘प्युअर’च्या आणखी एका अहवालात गरीब देशांतल्या हृदयरोग्यांपैकी ऐंशी टक्के लोक यातली एकही गोळी घेत नव्हते. ऑपरेशनचा फोटो निघतो, उद्घाटन होतं, बिल निघतं. दहा वर्षं रोज घेतलेल्या गोळीचं उद्घाटन कोण करणार? मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ मध्ये देशातलं पहिलं हृदयारोपण केलं. तेव्हापासून आपल्या कल्पनेतलं हृदय ऑपरेशन थिएटरातच राहिलं आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात हिंगोलीचं शासकीय महाविद्यालयही होतं. आता कॅथलॅबची मागणी होईल, आणि ती व्हायलाही हवी. पण कॅथलॅब चोवीस तास चालवायला हृदयरोगतज्ज्ञ, तंत्रज्ञ, परिचारिका यांच्या पाळ्या लागतात. त्या भरल्या नाहीत, तर यंत्र उभं राहतं आणि रुग्ण रस्त्यालाच लागतो. त्याआधी, आणि फार कमी खर्चात, या महाविद्यालयाला दोन आकडे दर महिन्याला जाहीर करता येतील. पाचही तालुक्यांत झटका आलेल्या रुग्णाला दारात पाऊल ठेवल्यापासून इंजेक्शन मिळेपर्यंत किती मिनिटं लागली. आणि वर्षभरापूर्वी रक्तदाबाची गोळी सुरू केलेल्यांपैकी आज किती जण ती घेतायत. पहिला आकडा सुरुवातीला लाजिरवाणा निघेल. दुसरा त्याहून जास्त. दोन्ही मोजायला नवी इमारत लागत नाही. एक नोंदवही, कालची नोंद तपासणारा एक माणूस आणि तो आकडा जिल्हा परिषदेच्या बैठकीत वाचून दाखवायची तयारी एवढं पुरेल.